उरलेले दोन चमचे

आमच्या हौदाच्या बुचाला सील लागलं, त्या दिवशी वहिनींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, हातात सुताची ओली लडी होती. ती पिळायची की पुन्हा कढईत टाकायची, हे त्यांना सुचेना. निळं पाणी कोपरापर्यंत ओघळत राहिलं. पाणी-खात्याचे साहेब लाखेवर शिक्का दाबत होते आणि मामंजी त्यांच्या डोक्यावर उभे राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आमचं पाणी साताचं होतं. साताचं करूनच सोडलं होतं."

"आजोबा, मग खालच्या मळ्यातली रोपं कशानं जळली?"

"ते मळेवालीला विचारा. खत जास्त झालं असेल."

मळेवाली तिथेच होती, नालीच्या पलीकडे. तिने ओटी उघडून साहेबांना कोबीची रोपं दाखवली. पानं कडेने करपलेली, मधे पांढरे डाग. "खत पानांवर घालतात का हो? बोलायला जीभ हलवावी लागते, डोकं नाही, म्हणून काहीही बोलायचं?" एवढं बोलून ती गेली.

आमचं घर सूत रंगवणाऱ्यांचं. अंगणात चार कढया, मागे हजार लिटरचा हौद. रंगवून झालं की कॉस्टिकचं सगळं पाणी त्या हौदात साठतं आणि तिथून नालीने खाली जातं. नाली मळ्याला लागून आहे. पाऊसपाणी बरं असलं की ओढ्यात सगळं मिसळून जायचं, कुणाला कळायचं नाही. यंदा ओढा आटला आणि मळेवालीच्या वाफ्यांना आमच्याच नालीचं पाणी झिरपायला लागलं. तेव्हापासून हौदात आम्ल घालून पाणी साताच्या आसपास आणायचं आणि मगच बूच काढायचं, असा नियम आला. सात म्हणजे ना आंबट, ना बुळबुळीत. कागदाची पट्टी बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी लावून बघायचा, आकडा वाचायचा.

साहेबांनी जाताना सांगितलं, "घरातल्या एका माणसाला हे शास्त्र आलं पाहिजे. नुसतं ओतणं नको, हिशेब आला पाहिजे. सहा आठवड्यांनी मी येतो, त्या माणसाची परीक्षा घेतो. जमलं तर सील काढीन. नाही जमलं तर हौद बुजवून टाका."

मामंजींनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. थोरल्या भावजींनी मान खाली घातली, ह्यांनी आभाळाकडे पाहिलं. दोघेही आठवीच्या पुढे गेलेले नाहीत. मी दहावी कशीबशी, आणि माझ्या कडेवर सात महिन्यांची चिमणी. वहिनी तेवढ्या दहावीला गणितात शाळेत पहिल्या आल्या होत्या. ही गोष्ट या घरात वीस वर्षांत कुणी काढली नव्हती.

"मी जाते शाळेत," वहिनी म्हणाल्या आणि लडी पिळली.

*

कढया थंड झाल्यावर दोघे भाऊ तालुक्याच्या गोदामात हमालीला लागले. आम्ही दोघी जावा त्याच गोदामाच्या पडवीत पोती शिवायच्या कामावर. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत दाभण आणि सुतळी. पोत्याच्या धुळीने चिमणीला शिंका यायच्या, म्हणून तिची झोळी मी दाराबाहेर बांधायची आणि एक डोळा तिकडे ठेवायची. एकला हात धुऊन आम्ही हायस्कूलकडे निघायचो. वहिनींनी मला बजावलं होतं, "त्या पोरांत मी एकटी बसणार नाही. तू चल. पोरगी घेऊन चल."

पहिल्या दिवशी शिपायाने आम्हाला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. त्याला वाटलं, कुणाची तरी तक्रार घेऊन पालक आलेत. अर्ध्या तासाने रसायनाच्या बाई तिथून जात होत्या, त्यांनी विचारलं म्हणून खुलासा झाला आणि त्यांनीच आम्हाला आपल्या तासाला बसू दिलं. वर्गात शेवटचा बाक मिळाला. बाक पोरांच्या मापाचा. वहिनींचे गुडघे खालच्या फळीला अडत होते, त्यामुळे त्या तासभर तिरक्या बसल्या. पुढच्या मुलीने मागे वळून सहज विचारलं, "काकू, तुमच्या हाताला काय झालंय?" वहिनींची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत निळी आहेत, नखं तर काळीच. त्यांनी हात बाकाखाली घेतले. वही मांडीवर ठेवून लिहीत राहिल्या.

त्या मुलीचं नाव आम्ही घाई ठेवलं. बाईंचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

पहिले दोन आठवडे वहिनींना काही उमगलं नाही. लॉग म्हणजे काय, हे बाईंनी चारदा सांगितलं. दहाचा घात, उणे घात, उणेचं उणे. वहिनी उतरवून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोती शिवताना खडूने पोत्यावर मांडायच्या. दहाचा उणे तीन घात, पीएच तीन. दहाचा उणे पाच, पीएच पाच. मुकादम आला की वर दुसरं पोतं टाकायचं. एकदा लॉगचं आख्खं गणित अंगावर घेऊन एक पोतं ट्रकमध्ये चढलं. मी हसून हसून बेजार. वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे. उघडणाऱ्याला कांद्याबरोबर थोडी अक्कलही मिळेल."

घरी गेलं की मामंजी ओट्यावर बसलेले असायचे. जुन्या लड्यांचा गुंता सोडवायचा आणि बोलायचं. "आलीस का पदवी घेऊन? पन्नास वर्षं मी बोटानं ओळखलं पाणी. बुळबुळलं की कॉस्टिक, चिरेत झोंबलं की आम्ल. आता म्हणे उणे घात. पाण्याला कुठे घात असतो? घात माणसं करतात."

"हो मामंजी," वहिनी म्हणायच्या आणि पाय धुवायला जायच्या.

माझ्या तोंडून एकदा गेलंच, "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही."

"पीळ आहे म्हणून सूत आहे," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं बोट खोटं नाही गं. मी त्यांच्याच बोटावर शिकले."

*

तिसऱ्या आठवड्यात ते घडलं, ज्यामुळे वर्गाने मागे वळून बघायची पद्धत बदलली.

बाई फळ्यावर भराभर प्रश्न घालत होत्या. तीव्र आम्ल, प्रमाण दहाचा उणे दोन घात. "दोन!" उणे चार. "चार!" उणे सहा. "सहा!" सगळा वर्ग पाढे म्हटल्यासारखा. चिमणीलाही मजा वाटून ती हुंकार द्यायला लागली. बाईंनी लिहिलं, उणे आठ.

"आठ!" घाई ओरडली आणि मागोमाग सगळे.

 बाई खडू हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्या शेजारी वहिनींची पेन्सिल थांबली होती.

"बाई," त्या म्हणाल्या. वर्गात पहिल्यांदा. "आठ म्हणजे सातच्या पलीकडे गेलं. कॉस्टिकच्या बाजूला."

"मग?"

"मग ते चुकलंय. आंबटात कितीही पाणी ओता. हौदभर ओता, नदीभर ओता. आंबटपणा जाईल, पाण्यासारखं होईल. पण बुळबुळीत नाही व्हायचं. पाणी कुणाला कॉस्टिक करत नाही."

पोरं हसायच्या बेतात होती. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली.

"सूत्राप्रमाणे आठच येतंय ना पण?" घाई म्हणाली.

"सूत्राला हात नाहीत," वहिनी म्हणाल्या आणि बोलून गेल्यावर लाजल्या.

बाईंनी आख्खा फळा पुसला. "मी पंधरा वर्षं हा सापळा लावते. दर वर्षी सगळा वर्ग त्यात पडतो. पाण्याचा स्वतःचाही थोडासा वाटा असतो, तो आपण धरलाच नव्हता. तो धरला तर उत्तर येतं सहा पूर्णांक अठ्ठ्याण्णव. जवळजवळ पाणीच. पण आंबटाच्याच बाजूला." मग वहिनींकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही हे कशावरून सांगितलंत?"

वहिनींनी बाकाखालचे हात वर काढले आणि बाकावर ठेवले. निळे.

त्यानंतर घाई शेवटच्या बाकावर आमच्या शेजारी येऊन बसायला लागली. वहिनींना लॉगच्या कोष्टकात बोट कुठे ठेवायचं ते ती दाखवायची, आणि तिचं उत्तर शक्य आहे की नाही ते वहिनी तिला सांगायच्या. "हे बघ, आम्ल घातलंस आणि आकडा वर चढला. असं कधी होतं का? पुन्हा कर." चिमणीला दोघींच्या मधे ठेवून मी बघत बसायची. अडतिसाव्या वर्षी माणसाच्या कपाळावर असा उजेड येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

*

परीक्षेला आठ दिवस उरले होते. बाईंनी त्या दिवशी खास वहिनींसाठी गणित घातलं. "सगळ्यांनी करा, पण हे काकूंच्या हौदाचं आहे. हजार लिटर पाणी. कॉस्टिकचं. पीएच अकरा. आपल्याकडे एक मोलर आम्ल आहे. पहिला प्रश्न, अकरावरून नऊवर आणायला किती आम्ल लागेल? दुसरा, नऊवरून सातवर आणायला किती?"

वहिनींनी मांडलं. घाईचं झालं, इतरांचं झालं, वहिनी लिहीतच होत्या. मी डोकावले. त्यांनी एकच गणित तीनदा केलं होतं, आणि तिन्ही वेळा तळाशी तेच दोन आकडे होते. नऊशे नव्वद मिलिलिटर. दहा मिलिलिटर.

"असं कसं?" मी कुजबुजले. "दोन घरं उतरायला लिटरभर, आणि पुढची दोन घरं उतरायला दोन चमचे?"

वहिनींनी फळ्याकडे बोट केलं. बाई फळ्यावर तेच सांगत होत्या. पीएचचा आकडा एक घर हलला की आतला माल दहापट होतो किंवा दहावा भाग होतो. अकरावर जेवढं कॉस्टिक असतं, त्याचा शंभरावा भाग नऊवर उरतो. म्हणजे बहुतेक सगळं आम्ल पहिल्या दोन घरांतच खर्ची पडतं. "आणि कुणी चुकून पुन्हा तेवढंच, लिटरभर ओतलं, तर पाणी कितीवर जाईल?"

"तीन!" घाई म्हणाली. या वेळी ती बरोबर होती.

वहिनी उठल्या. परवानगी न मागता बाहेर गेल्या. मी चिमणीला उचलून मागे गेले तर त्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या.

"काय झालं?"

"त्या दिवशी मामंजींनी किती मग ओतले?"

मला आठवलं. सील लागायच्या चार दिवस आधीची संध्याकाळ. हौदात पाणी अकराचं. तयार आम्लाच्या कॅनमधून वहिनींनी मग भरून दिला, काठाला बोटभर कमी. मामंजींनी ओतला, ढवळलं. पट्टी मी बुडवली. नऊ. "एका मगात दोन घरं," मामंजी म्हणाले होते. "म्हणजे आणखी एक मग." आम्हा रंगाऱ्यांचा हिशेब तसाच असतो. सुताला एक बुडी दिली की एक छटा, दुसरी दिली की दुसरी, तिसरी दिली की तिसरी. जेवढ्या बुड्या, तेवढी पायरी. जन्मभर असंच मोजलेलं. वहिनींनी दुसरा मग भरून दिला. मी नवी पट्टी काढत होते, तेवढ्यात चिमणी रडली. "थांबा हं," म्हणून मी आत गेले. परत आले तेव्हा बूच निघालेलं होतं, पाणी नालीला लागलं होतं.

"दुसरा मग मीच भरून दिला," वहिनी म्हणाल्या.

"पट्टी मी बघायची होती."

"तीन, म्हणजे सातापेक्षा दहा हजारपट आंबट. असं पाणी तिच्या रोपांच्या मुळाशी गेलं. आणि आपण तिलाच म्हणतोय, खत जास्त झालं."

चिमणी माझे केस ओढत होती. मी तिचा हात सोडवत म्हणाले, आणि आजही मला त्याची लाज वाटते, "वहिनी, साहेब फक्त गणितं विचारणार आहेत. तुम्हाला ती येतात. सील निघेल, दोघा भावांची हमाली सुटेल. हे कुणाला कळणार आहे?"

त्यांनी नळ बंद केला. "मला कळलंय ना. आता मी वहीवरून पुसू शकते, बोटांवरून कसं पुसू?"

*

मामंजींना सांगायचं कसं, हा प्रश्नच होता. पन्नास वर्षं ज्याचा शब्द मोडला नाही, त्याला सून सांगणार, तुम्ही चुकलात. त्यांनी गावभर छातीवर हात मारून सात सांगितलं होतं. खोटं बोलले नव्हते ते. त्यांच्या हिशेबाने सातच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला न जाता वहिनींनी अंगणात बादली मांडली. दहा लिटर पाणी. बाईंनी दिलेल्या बाटलीतलं कॉस्टिक थोडं थोडं घालत पट्टी अकरावर आणली. मग माझ्याकडे आल्या. "चिमणीच्या औषधाची पिचकारी दे. दहाच्या खुणेची."

"ती?"

"पुन्हा तिला वापरायची नाही. नवी आणू."

मामंजी ओट्यावरून बघत होते. "आता काय, घरातच शाळा?"

"मामंजी, जरा मदत पाहिजे. माझा हात कापतो," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात अजिबात कापत नव्हता. "हा छोटा हौद समजा. शंभरावा भाग. आणि पिचकारी म्हणजे आपला मग. शाळेतल्या बाटलीतलं आम्ल आहे, आपल्या कॅनइतकंच कडक."

कामाचं बोलणं आलं की ते नाही म्हणत नाहीत. ओट्यावरून उतरले, गुडघे धरत बसले. आधी बोट बुडवलं. "बुळबुळतंय. चांगलंच कॉस्टिक आहे." पिचकारी भरली, दहाच्या खुणेला केसभर कमी. ओतली. काठीने ढवळलं. वहिनींनी पट्टी बुडवून त्यांच्यासमोर धरली.

"नऊ," ते म्हणाले. "बघितलंस? दोन घरं."

"आता?"

"आता काय, तेवढंच आणखी." त्यांनी दुसरी पिचकारी भरली.

मी चिमणीला छातीशी घट्ट धरलं. वहिनींनी त्यांना अडवलं नाही. ओतू दिलं. ढवळू दिलं. मग पट्टी त्यांच्याच हातात दिली. "तुम्हीच बुडवा."

पट्टी हिरवी व्हायला हवी होती. ती नारिंगी झाली, लालाकडे झुकलेली.

मामंजींनी पट्टी उजेडात धरली. उलटी करून पाहिली. "खराब असेल." वहिनींनी दुसरी दिली. तीही तशीच. मग त्यांनी ती पट्टी खाली ठेवली आणि आपलं बोट बादलीत घातलं. त्यांच्या तर्जनीला एक जुनी चीर आहे, हिवाळ्यात उघडते. बोट आत गेलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"झोंबलं," ते म्हणाले.

 चिमणी बादलीकडे झेपावत होती, तिला आवरताना माझी त्रेधा.

"त्या दिवशी बोट घातलं नाही मी," मामंजी हळूच म्हणाले. "साहेबानं सांगितलं होतं, आता हात घालायचा नाही, पट्टी बघायची. हात घातला नाही. आणि पट्टीही बघितली नाही."

"तो मग मी भरून दिला होता," वहिनी म्हणाल्या.

"पट्टी सोडून मी गेले होते," मी म्हणाले.

त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "सगळ्यांनी मिळून एवढी मेहनत केली होय?" पण हसले नाहीत. पिचकारी उचलून उजेडात धरली. "किती उरलं होतं? नऊवरून?"

"या बादलीत दोन थेंब. आपल्या हौदात दोन चमचे."

"दोन चमचे," ते म्हणाले. मग उठले, चपला पायात घातल्या आणि नालीच्या कडेने खाली चालू लागले. आम्ही दोघी मागे, थोडं अंतर ठेवून.

मळेवाली मेलेल्या वाफ्यात पुन्हा रोपं लावत होती. तिने वर पाहिलं नाही. मामंजी बांधावर उभे राहिले. त्यांना वाकायची सवय नाही, बोलायचीही.

"पाणी आमचं होतं," ते म्हणाले. "सात नव्हतं. तीन होतं."

तिने एक रोप मातीत दाबलं. मग दुसरं. "पाच आठवडे मी खत जास्त घालणारी बाई होते. बाजारात लोक विचारायचे, किती पोती घातलीस?"

"हो."

"हे साहेबासमोर सांगाल? की बांधावरच?"

"सांगीन."

"सांगितलंत तर सील राहील तुमचं."

मामंजींनी मागे वळून वहिनींकडे पाहिलं. विचारल्यासारखं. मी या घरात आल्यापासून त्यांनी कुणाकडे तसं पाहिलेलं बघितलं नव्हतं. वहिनींनी मान हलवली.

"सांगीन म्हटलं ना," मामंजी म्हणाले.

*

साहेब आले त्या सकाळी अंगण झाडून ठेवलं होतं. दोघे भाऊ रजा काढून आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते, खांद्यावर पोत्यांचे वळ. बाई आल्या, घाई शाळा बुडवून आली, आणि नालीच्या पलीकडे मळेवाली. हौदात वहिनींनी आदल्या दिवशी मुद्दाम कॉस्टिकचं पाणी भरून ठेवलं होतं.

साहेबांनी कागदावर पाच गणितं दिली. वहिनी ओट्यावर बसून सोडवायला लागल्या. तोंडाने पुटपुटत, बोटाने घात मोजत. चौथ्याला अडल्या. घाई जागच्या जागी नाचायला लागली तसा बाईंनी तिचा खांदा धरला. वहिनींनी पेन्सिल ठेवली, डोळे मिटले, आणि दोन बोटं एकमेकांवर घासली, पाणी चाचपल्यासारखी. मग सगळं खोडून नव्याने मांडलं.

साहेबांनी तपासलं. "पाचही बरोबर." शिक्क्याची डबी काढली.

"थांबा," मामंजी म्हणाले. "आधी माझं ऐका."

त्यांनी सांगितलं. एका मगात दोन घरं, म्हणून दुसरा मग. बुडीसारखं मोजलं. पट्टी बघितली नाही. पाणी तिनाचं गेलं. मळेवालीचं खरं होतं. सगळं तीन-चार वाक्यांत, हौदाकडे बघत. थोरल्या भावजींचं तोंड उघडंच राहिलं.

साहेबांनी डबी मिटली. "मग मी आता काय लिहू?"

"घडलं ते लिहा," वहिनी म्हणाल्या. "आणि हेही लिहा की चूक कुठे झाली ते आम्हीच शोधून काढलं. पुन्हा होणार नाही असं मी तोंडाने नाही सांगत. समोर करून दाखवते."

साहेब खुर्चीवर बसले. 

वहिनींनी पट्टी बुडवली. अकरा. हिशेब करून मापाने आम्ल घेतलं, भावजींनी बांबूने ढवळलं. पट्टी, नऊ. आता मग बाजूला ठेवला. मामंजींनी चमचा घेतला. "किती?"

"दोन. एक एक करून."

एक चमचा. ढवळलं. दुसरा. पट्टी बुडवली. सात यायला हवं होतं. आठ आणि नऊच्या मधेच कुठेतरी अडकलं.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी ओठ दाबून धरलेले.

वहिनी घाबरल्या नाहीत. "खरं पाणी वहीतल्या पाण्याइतकं गुणी नसतं," त्या साहेबांना म्हणाल्या. "रात्रभर उघडं राहिलंय, हवेतलं काहीबाही खाल्लेलं आहे. त्याला थोडं जास्त लागणार. पण मगाने नाही. मामंजी, आणखी एक चमचा."

एक चमचा, ढवळणं, पट्टी. एक चमचा, ढवळणं, पट्टी. ऊन चढलं. भावजींचा सदरा पाठीला चिकटला. मामंजी प्रत्येक चमचा डोळ्यासमोर धरून सपाट करायचे आणि मग ओतायचे. पन्नास वर्षं मगाने ओतणारा माणूस. दहाव्या चमच्यानंतर वहिनींनी पट्टी बुडवली आणि साहेबांना दाखवायच्या ऐवजी नालीपाशी गेल्या. पट्टी आणि डबी मळेवालीच्या हातात दिली.

"तुम्ही वाचा."

तिने पट्टी डबीवरच्या प्रत्येक रंगाशेजारी धरून पाहिली. घाई केली नाही. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. 

"हिरवी," ती शेवटी म्हणाली. "कोबीच्या आतल्या पानासारखी. सात."

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. परवानगी एका हंगामापुरती दिली, आणि अट घातली. बूच काढायच्या आधी प्रत्येक वेळी पट्टी मळेवाली वाचेल. तिने हो म्हटल्याशिवाय थेंबभर पाणी सोडायचं नाही. जळलेल्या वाफ्यात रोपं लावून द्यायचं काम आमच्या घराचं.

"मान्य आहे?" साहेबांनी मामंजींना विचारलं.

मामंजी म्हणाले, "तिला विचारा. हौद आता तिचा आहे." आणि वहिनींकडे हात केला.

लाख फोडली. बुचाची दोरी मळेवालीने हातात घेतली, कारण आता ती तिची झाली होती. "ओढू का गं?" तिने वहिनींना विचारलं.

"ओढा."

पाणी सुटलं. नालीत धूळ पुढे ढकलत निघालं. भाऊ सुटकेचा श्वास टाकून एकमेकांकडे बघत होते, घाई बाईंना काहीतरी भराभर सांगत होती. मामंजी मात्र पाण्याबरोबर चालायला लागले. चार पावलं चालायचे, वाकायचे, चिरेचं बोट पाण्यात घालायचे, थांबायचे. पुन्हा चार पावलं. असं वाकत वाकत ते मळ्याच्या बांधापर्यंत गेले, आणि तिथून ओरडले. वहिनींकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"झोंबत नाही!"

वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. वही मांडीवर, निळे हात वहीवर. त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल उचलली. मी मागून डोकावले. दोन चमचे हे उत्तर खोडून त्यांनी बाजूला दहा लिहिलं होतं, आणि खाली ओळ मारून पुढे लिहीत होत्या, वरचे आठ कुठे गेले, उद्या बाईंना विचारणे.